चिंधीच्या बाणानं मेलेले सुतार

राजूरला बाजाराच्या वाटेवर एक सुतार आहेत. ते गिऱ्हाइकापेक्षा लाकडाशी जास्त बोलतात. तरुणपणी मी त्यांना वेडसर समजून नाक वर करून जायचे. तेव्हा मला फार अक्कल होती.

परवा चार वर्षांच्या नातीला धनुष्य करून घ्यायला गेले. धामणीच्या झाडाची लवचीक काठी वाकवताना ते काठीलाच विनवत होते, "वाक गं बाई, मोडू नगं." बाणाच्या टोकाला त्यांनी चिंधी गुंडाळली.

"यानं माणूस मरतो?" नातीनं विचारलं.

"मार मला."

बाण पोटाला लागून टपकन पडला. नातीचा ओठ थरथरला, तोच सुतार "मेलो गं माय" म्हणत भुशात आडवे झाले. मी पदरात तोंड खुपसलं.

एवढ्यात गिऱ्हाईक आलं. "मामा, आमची खाट झाली का?"

"मी मेलोय. हिला इचारा," सुतार डोळे मिटूनच म्हणाले.

"उद्या या," नात म्हणाली.