कुडपणला पाठवलेली चिठ्ठी

‘गोळ्या बंद करू नका. एकही चुकवू नका.’

चिठ्ठीत एवढंच होतं. अक्षर माझं, खाली सही माझी. ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, डॉक्टर झालेल्या मुलालाही नाही. विषय जवळ आला की मी उठून जायचो. आता उठून जाण्याएवढं बळ राहिलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

१९६०चं दशक नुकतं लागलं होतं. पोलादपूरला माझा दवाखाना होता. डोंगरातल्या वाड्यांची माणसं पावसाळ्याआधी खाली उतरायची आणि मीठ, मिरची, सुकी मासळी अशी चार महिन्यांची आगोट भरून न्यायची. एकदा ओढे-वहाळ भरले की वाट बंद. त्या आगोटीतच माझी औषधंही जायची. चार महिन्यांच्या पुड्या एकदम बांधून द्यायची मला सवय झाली होती. सगळेच डॉक्टर तसं करत.

त्या वैशाखात कुडपणची भागाबाई आली. आसपासच्या वाड्यांची सुईण. पोटात आडवं आलेलं मूल पोटावरून नुसते हात फिरवून सरळ करायची. असं मूल वळवताना मी तिला एकदा स्वतः पाहिलं होतं. मला तरी ते जमलं नसतं.

“डोकं धरतंय, डाक्टर. फिरल्यासारखं व्हतं.”

मी ब्लडप्रेशर पाहिलं. बरंच वाढलेलं. त्या काळी त्यावर रिसर्पिन नावाची गोळी नवी होती. आपल्याकडच्याच सर्पगंधेच्या मुळीतून काढलेली, म्हणून आम्हा डॉक्टरांना तिचं कौतुकही फार. ही गोळी देताना दर पंधरा दिवसांनी प्रेशर पाहून मात्रा कमी करत आणायची असते. कुडपणहून पंधरा दिवसांनी कोण येणार? चार महिन्यांत गुण कमी पडायला नको म्हणून मी मात्रा उलट वाढवून दिली.

श्रावणात तिचा मुलगा धाकू भरलेले वहाळ कसेबसे ओलांडून आला. इरल्यातून पाणी निथळत होतं.

“आयचं हात कापतात. घास तोंडाशी नेईस्तवर सांडतो. चालते ती पाय घासत.”

“वय काय तिचं?”

“असंल साठीच्या आतबाहेर.”

“मग व्हायचंच. अशक्तपणा आहे. गोळ्या घेते ना?”

“दोन दिस झाले, घेत नाय. ती म्हनते, ह्या गोळ्यांपासनंच—”

“तिला म्हणावं, डॉक्टर तू की मी?” दवाखान्यातली माणसं हसली. “गोळ्या सोडल्या तर डोक्यातली शीर फुटेल. कळलं?”

धाकू हसला नाही. “माजं ऐकायची नाय ती. चिठ्ठी द्या. गुरुजी वाचून दावतील. बायकोचे दिवस भरत आलेत, डाक्टर. पयलीच खेप हाय. आयचे हात लवकर बरे झाले पायजेत.”

मी चिठ्ठी दिली.

दसऱ्यानंतर चार माणसांनी भागाबाईला झोळीतून खाली आणलं. चेहरा लाकडी, डोळे मिटत नव्हते, तोंडातून लाळ. उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं एकमेकांवर फिरत होती, तंबाखू मळावी तशी. मी पुस्तक काढलं. सगळं जुळत होतं. पार्किन्सन, आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो. मेंदूतला एक भाग हळूहळू निकामी होतो आणि शरीराची हालचाल आखडते. त्यावर तेव्हा बेलाडोनासारखी औषधं देत, थोडा उतार पडे एवढंच. निदान जमलं म्हणून मला बरंही वाटलं, हेही लिहून टाकतो.

“सूनबाई कशी आहे?” मी धाकूला विचारलं.

“गेली.”

“आणि मूल?”

“त्ये बी. पोर आडवं आलं. आय भितीला टेकून सांगत व्हती, असा हात ठेव, तसा दाब. शेजारणीला जमलं नाय. आय सोता उठाया गेली, तर पडली.”

मी बेलाडोना सुरू केलं. रिसर्पिनही चालू ठेवलं. काही उतार पडेना, तेव्हा त्यांना मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. अशा कंपावर तिकडे मेंदूचं ऑपरेशन करतात, असं ऐकलं होतं.

पंधरवड्याने धाकू इंग्रजी पत्र घेऊन परत आला. मी उभ्यानेच वाचलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, आधीपासून कोणती औषधं चालू आहेत? पत्रात पुढे लिहिलं होतं, हा पार्किन्सन नव्हे, हुबेहूब तसा दिसणारा रिसर्पिनचा परिणाम आहे. गोळ्या थांबवल्या आहेत, काही आठवड्यांत हात पूर्ववत होतील. शेवटची ओळ अशी होती की कंप दिसला तेव्हाच गोळ्या थांबवल्या असत्या, तर एवढ्यावर आलं नसतं.

कंप दिसला श्रावणात. सून गेली भाद्रपदात. हिशेब करायला मला कागद लागला नाही.

“काय लिवलंय?” धाकूने विचारलं. “गोळ्या काढून घेतल्या तेनी. कशापायी?”

“प्रेशर उतरलंय, म्हणून.”

“आनि हात?”

“मी नवीन औषध देतो. येतील हळूहळू.”

मी लाल रंग घातलेलं साखरेचं पाणी बाटलीत भरून दिलं. धाकू पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.

पौषात भागाबाई स्वतः चालत आली, मधाचा गडवा घेऊन. दोन्ही हात माझ्यापुढे धरले. स्थिर होते.

“तुमी दिलंत परत. पर आता कोन बोलवीत नाय. म्हनतात, घरची सून हिच्या हातनं गेली.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “खरं सांगा डाक्टर, तवा हात असते, तर वाचली असती का?”

“ते आपल्या हातात नसतं, भागाबाई,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. त्यानंतर ती कुठल्याच बाळंतिणीकडे गेली नाही, असं ऐकलं. लाल औषधाची मात्र कीर्ती झाली. बिरवाडी, सव अशा गावांहून खरे कंपवाताचे रोगी यायला लागले. त्यांना मी परत पाठवायचो. लोक म्हणायचे, डॉक्टर शिष्ट झालाय.

पुढे काही वर्षांनी एका वैद्यकीय मासिकात वाचलं. सशांना रिसर्पिन दिलं तर ते जागच्या जागी थिजतात, आणि मेंदूत जे द्रव्य आटतं ते भरून येईल असं औषध दिलं की पुन्हा उड्या मारतात. त्या धाग्यावरून पार्किन्सनवरचं पहिलं खरं औषध हाती आलं. किती माणसं त्याने पुन्हा चालती झाली. मी मासिक मिटून ठेवलं. प्रयोगशाळेत सशावर जे करून पाहिलं, ते मी कुडपणला एका सुइणीवर केलं होतं, आणि तिने स्वतःच ओळखलेलं मला कळलं नव्हतं.

नव्या डॉक्टरांना सांगण्यासारखं एवढंच. नवा आजार शोधण्याआधी आपणच दिलेली पुडी उघडून पाहा. आणि रोगी औषधाबद्दल काही सांगत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

भागाबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी महाडला राहायला आलो होतो. बाराव्याला कुडपणला चढून गेलो. वाटभर एकच बोलणं जुळवत होतो. भागाबाईला सांगायचं राहिलं, ते निदान धाकूला तरी सांगायचं होतं. त्याने पुन्हा लग्न केलं नव्हतं. मला पाहताच उठला आणि पंगतीत बसलेल्यांना म्हणाला, “हेच ते डाक्टर. ह्येंनी आयला हात परत दिलं.” माणसांनी सरकून मला जागा करून दिली. मी जेवलो आणि उतरलो.

जुळवलेलं बोलणं तसंच राहिलं. ते असं होतं: भागाबाई, तुमचं बरोबर होतं. तुमचे हात मी घालवले. तुमची सून तुमच्या हातून गेली नाही, माझ्या चिठ्ठीने गेली. मला माफ करा.