उरलेली लोकर

सोलापुरात सावलीलाही घाम फुटतो, आणि नवी पेठेतल्या मावशी मशीनचा दांडा गरगरा फिरवत लोकरीच्या गोल टोप्या विणतात! त्या खडखडाटापुढे रिक्षांचे हॉर्न लाजतात. माप घेणं नाही. डोकं बघून नुसतं "हं" म्हणतात.

वडील गेल्यावर त्यांची कसर लागलेली टोपी मी दुरुस्तीला नेली. मावशींच्याच हातची होती. त्यांनी ती बघता बघता सगळी उसवली.

"अहो मावशी, तेवढीच आठवण होती!"

"गप बसा की, मालक."

त्याच लोकरीची नवी टोपी विणून माझ्या डोक्यावर चढवली. वर सांगोल्याच्या डाळिंबाएवढा गोंडा!

"हा कशाला?"

"लोकर उरली की. वडलांचं डोकं लई मोठं हुतं."

भर मे महिन्यात ती घालूनच मी घरी गेलो.