केरबाअण्णांची रिकामी सीट

शाहूपुरीत माझं टुरिस्ट गाड्यांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जोतिबाचा फोटो आणि काचेवर चिकटवलेली जाहिरात: ‘प्रायव्हेट हाफ-डे टूर. ऐतिहासिक पन्हाळा आणि विजयदुर्गचा समुद्र.’ कोल्हापूरहून समुद्र अर्ध्या दिवसात बघून परत येता येत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण आम्ही कुठला अर्धा ते लिहिलेलं नाही. जाण्यात अर्धा दिवस जातो आणि येण्यात अर्धा. गिऱ्हाईक तक्रार करेपर्यंत घाट चढून वर आलेलं असतं आणि झोपलेलं असतं.

या टूरवर माझा ड्रायव्हर असायचा केरबा चौगुले. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने आडवा, आवाज असा की कानात सांगितलेलं रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवाल्यालाही कळावं. गाडी मात्र लोण्यासारखी चालवायचा. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर, मग गुळाचा ट्रक, मग माझी सात सीटची गाडी, असं त्याचं शिक्षण. गगनबावड्याच्या घाटात त्याने कधी कुणाच्या पोटातलं पाणी हलू दिलं नाही. सगळे त्याला अण्णा म्हणत, मीही म्हणायचो.

या गुणी माणसात एकच खोट होती. गाडीत रिकामी सीट असली आणि रस्त्याकडेला माणूस उभं असलं, की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी कुणी भाड्याने घेतलीय, कशासाठी घेतलीय, हा विचार त्याच्या डोक्याला कधी शिवलाच नाही. नवीन लग्न झालेलं एक जोडपं एकांतासाठी आख्खी गाडी करून निघालं होतं. कळे गावापासून पुढे त्यांच्या मागच्या सीटवर एक म्हातारी आणि तिच्या दोन कोंबड्या होत्या. म्हातारीने नवरीला सासू कशी हाताळायची ते सांगितलं. कोंबड्यांनी जे करायचं ते केलं. दुसऱ्या खेपेला कट्टर शाकाहारी कुटुंब होतं. परतीच्या वाटेवर अण्णाने निम्म्या तालुक्याची सुकट डिकीत भरली. वास कसला येतोय असं त्यांनी विचारलं, तर म्हणाला, “समुद्राचाच की ओ. तोच बघाय आलाय न्हवं?”

मी रागावलो की तो आश्चर्याने माझ्याकडे बघायचा.

“अण्णा, गाडी प्रायव्हेट आहे.”

“व्हय की.”

“मग तिच्यात माणसं का घालता?”

“मालक, शिट मोकळी हाय आन माणूस उन्हात हुबं हाय. गाडी तशीच म्होरं न्यायची म्हंजे काय त्वांड घिऊन न्यायची?”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. अण्णाची खोड कुठून आली हेही मला ठाऊक होतं, कारण त्याने ते शंभर वेळा सांगितलं होतं. आई लहानपणीच गेली. थोरली बहीण तानाबाई, तिनेच याला वाढवलं. हा सहा-सात वर्षांचा असताना तापाने फणफणला, तेव्हा पोरसवदा तानाबाई त्याला काखेला मारून रस्त्यावर उभी राहिली. जीप गेल्या, ट्रक गेले, कुणी थांबलं नाही. शेवटी एक दुधाची गाडी थांबली, त्यांना कॅनच्या मधे बसवलं आणि कोल्हापूरला आणून सोडलं. दुधवाल्याचं नावसुद्धा माहीत नाही. अण्णा सांगायचा, “त्यो प्रायव्हेट आसता तर मी आज न्हाय की वो.” यावर मी चहा मागवायचो.

पण मुंबईच्या ज्या ऑनलाइन कंपनीकडून मला गिऱ्हाइकं येतात, तिला दुधाच्या गाडीचं काही देणंघेणं नव्हतं. तिथल्या प्रियदर्शनी मॅडमचा फोन आला. आवाज गोड, बोलणं बर्फासारखं. म्हणाल्या, “सयाजी सर, या ड्रायव्हरची आणखी एक कम्प्लेंट आली तर त्यांना आम्हाला सिस्टीममधून काढावं लागेल.” मी सर झालो की मला कळतं, आता काहीतरी जाणार आहे. सिस्टीममधून काढलं म्हणजे माझ्याकडून गेला, आणि माझ्याकडून गेला म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा उसाच्या ट्रॅक्टरवर. गुडघे आधीच बोलत होते त्याचे.

म्हणून मी कोल्हापुरातला माणूस करतो तेच केलं. अण्णाला जोतिबाच्या फोटोसमोर उभा केला आणि शपथ घातली. इथे सही केलेला कागद लोक सोयीने विसरतात, पण जोतिबाची शपथ मोडायला छाती लागते. अण्णाने फोटोच्या चौकटीला हात लावला आणि म्हणाला, “गिऱ्हाईक सोडून गाडीत दुसरं कुनी घेनार न्हाय. चांगभलं.” वर मला म्हणाला, “हे तुमी बरं न्हाय केलं.” मला मात्र आपण फार मोठा कारभार केल्यासारखं वाटलं. माणूस वाचवला, धंदा वाचवला, देवालाही कामाला लावलं.

पुढच्याच आठवड्यात ठाण्याचं एक जोडपं आलं. दोघंच. त्यांनी बुकिंगमध्ये लिहिलं होतं की शांतता हवी. अण्णाने त्यांना पन्हाळ्याचा बुरूज दाखवला, अंबारखाना दाखवला, विजयदुर्ग दाखवला आणि संध्याकाळी परत आणून हॉटेलवर सोडलं. वाटेत कुणालाही घेतलं नाही. मी ऑफिसात वाटच बघत होतो. अण्णा आला, खुर्चीवर बसला, किल्ली टेबलावर ठेवली. आवाज इतका बारीक की मलाच पुढे वाकावं लागलं.

“साळवनच्या थांब्यावर आक्का हुती,” तो म्हणाला.

आक्का म्हणजे तानाबाई. तिची मुलगी गगनबावड्याला दिलेली. त्या दिवशी मुलीच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि तानाबाई माहेरचा आहेर घेऊन निघाली होती. मांडीएवढं बोचकं, वर पितळी घागर. एसटी आली नव्हती. ती येईलच असं कुणी सांगत नव्हतं.

“गाडी वळखली तिनं लांबनंच. हात केला. मी बी बघितलं.” त्याने किल्ली जरा सरकवली. “मग मी समोर बघितलं.”

“थांबलाच नाहीत?”

“शपथ हाय न्हवं.”

तो किल्लीकडे बघत होता.

“आरशात दिसली. हात खाली घेतला तिनं आन पदर सारखा केल्यागत केलं. शेजारी बाया हुत्या की. त्यास्नी वाटावं, हिनं हात केलाच न्हवता.”

तानाबाई पोचली तेव्हा जेवणाची शेवटची पंगत उठत होती, हे नंतर कळलं. मामाची गाडी असताना उशीर कसा, असं मुलीच्या सासरच्यांनी विचारलं. गाडी बिघडली म्हणून तिने सांगितलं. माझी गाडी बिघडलेली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात तिने दाखवला आणि अवलक्षण माझं झालं.

ठाण्याच्या जोडप्याचा अभिप्राय दुसऱ्या दिवशी आला. चार स्टार. ड्रायव्हर अत्यंत प्रोफेशनल, अजिबात बोलत नाहीत, गाडी स्वच्छ. मग एक स्टार कुठे गेला? तर खाली लिहिलं होतं, ‘स्थानिक लोकांशी काहीच संपर्क आला नाही. खरं कोल्हापूर अनुभवता आलं नाही.’ मी ते तीन वेळा वाचलं. खरं कोल्हापूर पितळी घागर घेऊन रस्त्याकडेला उभं होतं आणि यांच्या शांततेसाठी आम्ही त्याच्या अंगावर धूळ उडवून आलो होतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी जोतिबाला नारळ फोडला असता. पण कंपनीत हुशार माणसं असतात, तीच अडचण आहे. महिन्याभरात प्रियदर्शनी मॅडमचा पुन्हा फोन. अनेक गिऱ्हाइकांनी तसंच लिहिलं होतं म्हणे. म्हणून आता नवीन टूर येत होती: ‘लोकांसोबत प्रवास’. वाटेत गावातली खरी माणसं गाडीत बसणार, दोन-चार गावं सोबत येणार, गप्पा मारणार. शक्यतो वयस्कर बाई असावी, नऊवारी असली तर उत्तम, हातात काहीतरी पारंपरिक असावं. पहिली फेरी कोल्हापूरलाच करायचं ठरलं होतं, कारण तुमचा परफॉर्मन्स सुधारलाय, सर.

मी म्हणालो, “मॅडम, मागे एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती, तिचं काय?”

“वॉव,” त्या म्हणाल्या, “असंच काहीतरी.”

अण्णाला मी हे समजावून सांगितलं. ज्या गोष्टीसाठी त्याची नोकरी जात होती, तीच गोष्ट करण्यासाठी आता त्याची नोकरी राहणार होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठून जोतिबाच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला.

“शपथ तुमी घातलीसा. सुटली म्हना.”

“सुटली.”

“देवाकडं बघून म्हना की.”

मी देवाकडे बघून म्हणालो. देवाने काय विचार केला असेल तो केला असेल. अण्णाच्या चेहऱ्यावर मात्र किती दिवसांनी जीव आला. म्हणाला, “पैल्यांदा आक्काला घ्यायची. दर बेस्तरवारी पोरीकडं जाती ती. बेस्तरवारीच ठरवा.” तिचा राग घालवायची त्याला घाई होती, आणि ती रागावलेली नव्हती हे त्याला जास्त लागलं होतं. त्या दिवसानंतर तो एकदा तिच्याकडे जाऊन आला होता. तिने भाकरी वाढली, तांबडा रस्सा केला, त्याच्या गुडघ्याला तेल लावून दिलं. थांब्याचा विषय काढलाच नाही. तोही काढू शकला नाही.

गुरुवारी मीही गाडीत बसलो. नवीन टूरवर देखरेख, असं कंपनीला सांगितलं. खरं सांगायचं तर तानाबाई गाडीत बसलेली मला बघायची होती. बसली असती तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं असतं. गिऱ्हाईक म्हणजे बेंगळुरूहून आलेल्या दोन मैत्रिणी होत्या, मराठी बोलणाऱ्या, वागायला चांगल्या. मधली सीट त्यांनी आक्कासाठी मुद्दाम रिकामी ठेवली होती आणि दर थांब्याला विचारत होत्या, “इथे आहेत का त्या?” कळे गाव गेलं. अण्णा बडबडत होता, आक्काच्या हातचं लोणचं कसं असतं ते सांगत होता. इतका बोलताना मी त्याला शपथ घातल्यापासून बघितला नव्हता.

साळवणच्या थांब्यावर चार-पाच माणसं होती. सगळी रस्त्याकडे बघत होती. एक बाई तेवढी रस्त्याकडे पाठ करून, शेताकडे तोंड करून उभी होती.

अण्णाने गाडी हळू केली. “ही आसं का हुबी ऱ्हायलीया?” तो स्वतःशीच म्हणाला. हॉर्न वाजवला. बाकीचे सगळे गाडीकडे बघू लागले. तिने मान वळवली नाही. शेजारच्या बाईने सांगितलं, “अवो, त्या आता आशाच हुब्या ऱ्हात्यात. येश्टी आली की आमी सांगतू त्यास्नी.”

मला ते कळायला एक क्षण लागला. अण्णाला लागला नाही. हा रस्ता त्याचा रोजचा. आपला हात दिसला तर भावाला अडचण, आपला चेहरा दिसला तरी अडचण. म्हणून तिने तोंडच फिरवून घेतलं होतं.

तो खाली उतरून तिच्यापाशी गेला. “आक्का, चल. बस गाडीत.”

ती वळली. त्याला बघून आधी हसली, मग गाडीकडे नजर गेली. “गिऱ्हाईक हाय की रं आत. जा तू. येश्टी येतीया.”

“येश्टीचं काय खरं न्हाय. चल.”

“न्हाय बाबा. परत तुला कोन बोलंल.”

आता माझी पाळी होती. मी उतरलो आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणालो, “आक्का, बसा की. आता परवानगी आहे.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता. खरोखर माहीत नसल्यासारखं तिने विचारलं, “भावाच्या गाडीत बसाय? कुनाची?”

कंपनीचं नाव घेऊ, की माझं? अण्णा तिच्याकडे बघत होता आणि डोळे पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि “जा, उशीर हुतुया तुला,” म्हणून पुन्हा शेताकडे तोंड करून उभी राहिली.

आम्ही गाडीत बसलो. गाडी निघता निघता मागच्या मुलींपैकी एकीने काचेतून तिच्या पाठीचा फोटो काढला. त्या फेरीला मुलींकडून पाच स्टार आले, खाली तो फोटो होता, आणि मॅडमनी कळवलं की पुढच्या वेळी त्या काकूंचा चेहरा दिसेल असं बघा.