बोल्ट फिरवायची नवीन पद्धत

आमच्या टेम्पोचा एक बोल्ट तुटला होता. मी दुरुस्तीला बसलो आणि सगळे तुटले.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी भिवंडीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारा पहिलाच माणूस. (बाबा हे दापोड्याच्या नाक्यावर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला सांगत. ज्याला आधीच माहीत असे, त्यालाही!) बाबांचा टेम्पो माझ्याहून वयाने मोठा. निजामपुऱ्यातल्या लूमवरून कापडाचे तागे उचलायचे आणि दापोड्याच्या गोदामात टाकायचे, हे त्याचं काम. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे जोडतात, तिथला एक बोल्ट गंजून तुटला आणि टेम्पो असा ओरडायला लागला, की बाबा नाक्याला वळले की आई घरात भाकरी थापायला घ्यायची.

एरवी चालून गेलं असतं. पण रविवारी कशेळीला जायचं होतं, ताईसाठी आलेल्या मुलाचं घर बघायला. मुलगा ताईला आवडला होता. (ती बोलली नव्हती, पण तो येऊन गेल्यापासून माझ्याशी भांडलीही नव्हती.) आमच्यात घर बघायला भावकी जाते, मुलगी जात नाही. म्हणून शनिवारी सकाळी तिने मला अंगणात गाठलं.

"ते गोदामवाले लोक आहेत. असला आवाज करत गेलात तर त्यांना वाटेल खडीचा डंपर आला."

"मग भाड्याची गाडी करू…"

"बाबा ऐकतील? दारात स्वतःची गाडी असताना?"

बाबा ऐकणार नव्हतेच. मेकॅनिकलाही बोलावणार नव्हते. त्यांनी पाना माझ्या हातात ठेवला. "घरात शिकलेला मानूस हाय, मंग बाहेरचा कशाला?"

"बाबा, आम्हाला सध्या बेडकाची पचनसंस्था शिकवतायत."

"मंग? ह्ये बी इंजिनाचं पोटच हाय."

मी पाना घेऊन टेम्पोखाली वाकलो. तुटलेला बोल्ट काढायचा तर आधी बाकीचे सोडवून पाइप बाजूला करायला हवा, इतपत मला कळत होतं. आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की बोल्ट सुटतो, हेही. फक्त जागा अडचणीची होती. बोल्टांची डोकी पलीकडे, मी अलीकडे, आणि हात पाइपावरून पलीकडे घातलेला. म्हणजे ते घड्याळ मी मागच्या बाजूने बघत होतो! हे माझ्या लक्षात आलं नाही. बाबा मात्र पलीकडेच, बरोबर बोल्टांसमोर, उकिडवे बसले होते.

"हलतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, पण…"

"मंग जोर लाव."

मी पान्याला लांब नळी अडकवली आणि अंगातला सगळा जोर लावला. कट्कन आवाज झाला.

"आला?" मी आनंदाने विचारलं.

"डोकं आलं," बाबा म्हणाले. "धड आतच हाय."

दुसऱ्या बोल्टाचंही तेच झालं. तिसऱ्याच्या वेळी बाबांनी काही बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. कट्!

आता पाइप सुटून आला, पण बोल्टांचे तुकडे इंजिनात घट्ट बसलेले. शेवटी शेजारच्या सलीमभाईंना हाक मारावी लागली. ते खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करायचे. त्यांनी बाबांशेजारी बसून एका तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंग मारलं, नटाला पाना लावला आणि अदबीने मला विचारलं, "किधर घुमाऊं? आप बोलो."

मी माझ्या बाजूने हात गोल फिरवून दाखवला. सलीमभाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आकाशाकडे पाहिलं.

"आप बोलते हो तो ठीक है," म्हणत सलीमभाईंनी पाना फिरवला. नट निखळून गटारात गेला.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि बाबांच्या मागे उभी राहिली. "अरे, नळ बंद करतात तसा कशाला फिरवताय? सोडायचाय ना?"

मी उठून त्यांच्या बाजूला गेलो आणि बघितलं, तर तिथून माझं उलटं सुलटं होतं!

"सलीमभाई, तुम्हाला कळलं नाही?"

"कळला ना! लेकिन मैं सोचा, भाई कॉलेज में है."

"आणि बाबा, तुम्ही? इतकी वर्षं गाडी चालवताय!"

बाबा पाना पुसत राहिले. "मला वाटलं, कालेजात नवीन पद्धत शिकवली आसंल."

मी हसलो नाही. बाबा कुणाचं ऐकणारे नव्हते. गावच्या सरपंचाशी भांडलेला माणूस! पण माझ्यासमोर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवला नव्हता. मला ते बोल्टांपेक्षा जड वाटलं.

मग सलीमभाईंनी पुन्हा नट चिकटवले, तुकडा लाल होईपर्यंत तापवला आणि नळ सोडायच्या दिशेने फिरवला. एकेक करून तुकडे आले आणि तिथे नवे बोल्ट बसले. एक मात्र आलाच नाही. (सर्वांत जास्त जोर मी त्यालाच लावला होता.) त्या जागी तार आवळली.

रविवारी तार कशेळीच्या अलीकडेच तुटली. आत काका, मामा, आत्या. वर हा गडगडाट! मुलाचे वडील रस्त्यावरच येऊन उभे राहिले होते.

"इंजिनाला काय झालं?"

"काय न्हाय," बाबा छाती काढून म्हणाले. "पोरानं दुरुस्त केलंय. कालेजात हाय."

आता गप्प बसणं मला जमेना. माझ्या कानात ताईचं बोलणं घुमत होतं, तरी सगळं सांगून टाकलं, उलट फिरवल्याचंही. मग मागून नवरा मुलगा हळूच म्हणाला, "मी आमच्या पाण्याच्या पंपाचे बोल्ट असेच मोडले. मीही पलीकडून बसलो होतो."

त्याचे वडील कपाळावर हात मारून म्हणाले, "आणि आमी समोर बसून बघत व्हतो! म्हटलं, बी.कॉम. झालाय, त्याला ठाऊक आसंल."

बाबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यानंतर घर बघायचं राहूनच गेलं.

घरी ताई दारातच उभी होती. मी पंपाची हकीकत सांगितली. ती खूप वेळ हसली आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्यासारखाच एक गळ्यात बांधायचा!" आणि लाजून आत पळाली.

लग्नाच्या मांडवासाठी सगळी भावकी राबली. मला फक्त झेंडूच्या माळा बांधायला दिल्या. मी सुतळी घेऊन शिडीवर चढलो, तेव्हा बाबा खालून म्हणाले, "बिनधास्त बांध रे. गाठ हाय ती, कुठूनबी फिरव."