शनिवारची दोन शहाळी

आमच्या गावाला रेल्वे आली ती माझ्या वडिलांच्या हट्टाने. दोन्ही भाऊ नोकरीला मुंबईत. मोठ्या मार्गावरून खाडीपर्यंत एक फाटा निघाला तर पोरं दर शनिवारी घरी येतील, एवढंच वडिलांचं म्हणणं. त्यासाठी वाडीतल्या सुपारीच्या तीन ओळी त्यांनी हसत रुळांना दिल्या. मी गावातल्याच शाळेत शिकवत होते. मला आणायला रेल्वे लागणार नव्हती, त्यामुळे माझा विचार कुणी घेतला नाही.

स्टेशन कुणाच्या हद्दीत, यावरून आम्ही आणि शेजारचं गाव इतके भांडलो की शेवटी ते दोघांच्या मधोमध, मिठागरात बांधलं गेलं. दोन्ही गावांना सारखंच लांब. न्याय झाला म्हणून दोन्हीकडे पेढे वाटले.

पहिलं वर्षभर लोक नुसते मिरवायला गाडीत बसले. मग लक्षात आलं की मुंबईच्या गाडीला जोड म्हणून आणलेली ही तीन डब्यांची गाडी जंक्शनला पोचते, ती मुंबईची गाडी सुटल्यावर. "गाडी आपली हाय, पन मासली थांबत न्हाय," म्हणत मासळीवाल्या रिक्षात बसल्या. त्यांच्यामागून सगळेच बसले.

वडील मात्र दर शनिवारी दोन शहाळी आणि कोयता घेऊन फलाटावर जायचे. भावांना कधी मीटिंग, कधी मुलांची परीक्षा. मग शहाळी गार्ड आणि ड्रायव्हर प्यायचे. रेल्वे तोट्यात होती, पण तिची माणसं धडधाकट होती. मला राग यायचा तो शिट्टी ऐकताच घाईने सदरा चढवणाऱ्या वडिलांचा.

अखेर फाटा बंद झाला. शेवटची फेरी शनिवारीच होती. कित्येक वर्षांत तिकीट न काढलेली दोन्ही गावं निरोपाला लोटली. माझे भाऊही आले. कारने, कारण गाडीची वेळ सोयीची नव्हती. इंजिनासमोर फोटो काढून झाले, "आपली गाडी गेली हो" म्हणून हळहळून झालं.

वडिलांनी शहाळी तासली. धाकट्याने हात पुढे केला.

"द्या बाबा, घसा सुकलाय."

वडील त्याच्यासमोरून पुढे गेले. एक शहाळं गार्डाला दिलं, दुसरं ड्रायव्हरला.

"अहो बाबा, आम्ही एवढ्या लांबून आलो!"

"हेही लांबूनच येतात," वडील म्हणाले. "हे दर शनिवारी आले."