वाचनालयाच्या तीन पायऱ्या

सुतारदादांना खडबडीत काही खपायचं नाही. स्टुलाच्या खालच्या अंगाला, जिथे जन्मात कुणी वाकून पाहणार नाही, तिथेही ते रंधा मारायचे. बायको म्हणायची, यांच्या पुढ्यात पाव ठेवला तर आधी त्याच्या कडा घासतील.

त्यांची धाकटी बहीण लहानपणच्या आजारानंतर पायांनी अधू होती. हाताने पॅडल मारायची तीनचाकी गाडी दादांनीच तिला करून दिली होती. तेव्हा सगळं गाव पायी नाहीतर सायकलवर. रस्ता माणसांचाच होता. ती एकटी भाजी आणायची, पत्रं टाकायची, वाटेत दोघा-तिघांशी वाद घालून यायची. अडायची ती फक्त पायऱ्यांपाशी.

अशात वाचनालयात कारकुनाची जागा निघाली. ग्रंथपालांना तिचं अक्षर पसंत पडलं, पण दारात तीन पायऱ्या. रोज उचलून आत कोण आणणार? सोमवारी एकट्या आत येऊन दाखवा, नाहीतर दुसऱ्याला बोलावतो, म्हणाले.

दादांनी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून लाकडी उतार केला. रंधा झाला, घासून झाला, वर पॉलिशचे दोन हात. तोंड दिसेल इतका गुळगुळीत. रविवारी पायऱ्यांवर लावून पाहिला. गाडी अर्ध्यावर गेली आणि सर्रकन मागे आली. दादा मागे उभे होते, म्हणून बहीण त्यांच्या अंगावर पडली. दादा मात्र सरळ मातीत. समोरच्या वाण्याने विचारलं, घसरगुंडी झकास झालीय, पोरांना कधीपासून?

बहिणीने धूळ झटकली. "दादा, हे लाकूड खराब कर."

"असलं काम आयुष्यात केलं नाही मी."

"मग मी बसते घरी."

दादा करवत घेऊन बसले. पॉलिश खरवडलं, उतार दीड हात लांबवला, आडव्या खाचा पाडल्या. एकेक खाच पाडताना चेहरा असा, जणू करवत स्वतःच्याच हातावर चाललीय.

सोमवारी गाडी खाचांवरून खडखडत चढू लागली. मागे दादा, दोन्ही हात पुढे धरून. मान न वळवता ती म्हणाली, "हात काढ. ग्रंथपाल खिडकीतून बघताहेत."

दादांनी हात खिशात कोंबले. मागचं चाक क्षणभर थबकलं, पुन्हा फिरलं, आणि ती उंबरा ओलांडून आत गेली.

नोकरी तिने तीस वर्षं केली. त्या उतारावरून बाबागाड्या आल्या, गुडघेदुखीची म्हातारी माणसं आली. वाण्यानेही आपल्या दारासाठी तसाच एक मागून घेतला. तिला सोडायला जायची दादांना काही गरज उरली नव्हती, तरी रोज सकाळी ते तिच्या गाडीशेजारून चालत जात. घरात कधी चार वाक्यं धड न बोललेली ही भावंडं त्या पाव तासाच्या वाटेवर पोटभर बोलायची, भांडायची. दादा दमून मागे पडले की ती गाडी थांबवायची आणि ते शेजारी येईपर्यंत पॅडलवर बोटं वाजवत बसायची.