सुखदेवच्या घरचं पाणी

सुखदेव गेल्याचं मला राइस मिलवाल्या शेठच्या माणसानं सांगितलं, तेही शोकसभेचं निमंत्रण द्यायला आला तेव्हा. "सर, आपला बॉक्सर गेला ना जी. रविवारी सभा आहे, तुम्हाले बोलाचं आहे." मोटरसायकल बंद करायचीही त्याला गरज वाटली नाही. आपला बॉक्सर! जिवंत होता तोवर तालुक्यातल्या कुणीही त्याला आपला म्हटलं नव्हतं. खांद्यावर जाळं टाकून तळ्याकडे निघालेल्या त्याला पानठेल्यावरून हाक यायची, "काय बेवड्या, आज कोणाले पाडलं?" तीच हाक मारणारे त्या रविवारी पांढरे सदरे घालून पहिल्या रांगेत बसले होते. शेठ बोलले. "व्यसनानं जिल्ह्याचा हिरा गिळला," म्हणाले, आणि कोरड्या डोळ्यांना रुमाल लावला. त्यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवणारे लोक मी पहिल्यांदा पाहिले. मग माझं नाव पुकारलं. मी त्याचा गुरू. उठलो, घसा खाकरला, "शेठजी सगळं बोललेच आहेत," म्हणालो आणि खाली बसलो. मांडीवर त्याच सभेत गुरू म्हणून मिळालेली सत्काराची शाल होती. सभेत हलकटांची काही कमी नव्हती, पण शाल घेऊन गेलेला हलकट मी एकटाच...

मी शाळेत खेळ शिकवायचो. सुखदेवला पहिल्यांदा पाहिलं ते तळ्याच्या काठावर, मासे विकायच्या दिवशी. आंब्याच्या झाडाला मच्छीमार संस्थेचा काटा टांगला होता आणि वजनावरून एका व्यापाऱ्याची नि त्याची जुंपली होती. व्यापाऱ्यानं थप्पड उगारली. पोरानं पाय न हलवता नुसती मान काढून घेतली. दुसरी थप्पडही हवेत गेली. तिसरीच्या जोरावर व्यापारी स्वतःच चिखलात बसला आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्याच संध्याकाळी ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत त्याच्या घरी गेलो. त्या घरात रीत होती, आलेल्याला आधी पाणी, मग बोलणं. सुखदेवनं पितळी लोटा काठोकाठ भरून आणला आणि मी तो रिकामा करेपर्यंत समोर उभा राहिला. पुढची सगळी वर्षं, मी कधीही गेलो तरी, लोटा त्यानंच आणला.

शाळेच्या वऱ्हांड्यात वाळूचं पोतं टांगून आम्ही सुरुवात केली. जिल्हा झाला, राज्य झालं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर राइस मिलवाल्या शेठला बॉक्सिंगचं वेड लागलं. वेड खेळाचं नव्हे, पोस्टरवर फोटो छापून येण्याचं. त्यांनी सुखदेवला धंदेवाईक बॉक्सर केलं. नागपूर, हैदराबाद, एकदा बँकॉकसुद्धा. फ्लायवेट गट, म्हणजे एक्कावन्न किलोच्या आत. सुरुवातीला तो ओळीनं जिंकला, आणि काय जिंकला! समोरचा मारून मारून दमायचा आणि हा मान काढून घ्यायचा, काठावरच्या त्या दिवसासारखी. पेपरवाले त्याला मासोळी म्हणत. मला चॅम्पियनचा गुरू म्हणत, आणि मला ते त्याच्या जिंकण्यापेक्षाही गोड लागायचं.

पण पोरगं वाढत होतं. लग्न झालं, खांदे भरले, अंग सत्तावन्नच्या आसपास जाऊ लागलं. प्रत्येक लढतीआधी तेवढं मांस कुठून काढायचं? मग पाणी तोडायचं. शेठच्या मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान उकडायचे, तिथे वाफेच्या हौदाशेजारी सुखदेव खताच्या रिकाम्या पिशव्या अंगात घालून, वर गोणपाट बांधून दोरीवरच्या उड्या मारायचा. वजनाच्या आदल्या दिवशी एक थेंब नाही. फार झालं तर चूळ भरायची आणि थुंकायची, मी जवळ उभा राहून पाहायचो, गिळली तर नाही ना. मिलमधले हमाल तोंड फिरवायचे. मी हसून म्हणायचो, "ढिवराचा ना रे तू? मासोळी सुकवली तरी बिघडते का? पाण्यात टाकली की पुन्हा फुगते." हा माझा आवडता विनोद होता. आमच्या भागात घराघरात सुकी मासोळी भिजत पडलेली असते. तेवढ्या ज्ञानावर मी एका जिवंत माणसाचं शरीरशास्त्र चालवत होतो, आणि हे ज्ञान म्हणे गुरूचं.

किताबाची लढत चंद्रपुरातच ठरली. मैदानावर मांडव, गावोगावची पोस्टरं. महिनाभर आधी सुखदेव माझ्याकडे आला. "सर, वरच्या गटात खेळू का? आता होऊन नाई राह्यलं. रातच्याले पायात गोळे येतात."

"वरच्या गटात तुला कोण विचारतो रे?"

"माहा जीव विचारून राह्यला जी," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मी हसलो नाही. पोस्टरं छापून झाली होती, त्यावर माझंही नाव होतं.

वजन काट्याला बसलं. त्यानंतर तो हंडाभर पाणी प्याला आणि सगळं ओकला. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये चढला तेव्हाच पाय लटपटत होते. दुसऱ्या फेरीत ती मान, जी कधी कुणाच्या हाती लागली नव्हती, जागच्या जागी राहिली. तिसऱ्या फेरीआधी तो स्टुलावरून उठलाच नाही. पोटऱ्या दगड झाल्या होत्या, पुन्हा उलटी झाली. मांडवातून आवाज आला, "पिऊन आला बे हा!" आणि हजार माणसं हसली. तिकिटं काढून आलेली माणसं, मेलेल्या जनावराभोवती जमतात तशी वाकून पाहत होती. सकाळी वार्ताहरानं मला विचारलं, काय झालं? शेठ शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "आदल्या रात्री मित्रांत बसला असं कानावर आलं. पोरांना यश पचत नाही."

हे खोटं होतं. सुखदेवचा बाप मोहाच्या दारूनं गेला होता आणि सुखदेवनं आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं, शेठला ठाऊक होतं, मिलमधल्या हमालांनाही ठाऊक होतं. छापून आलं त्यावर मात्र सगळ्या जिल्ह्यानं विश्वास ठेवला, कारण तळ्यावरच्या माणसाबद्दल तेच मानायचं असतं. आठवड्यानं त्यानं मला विचारलं, "सर, तुम्ही असं सांगतलं का?" मी म्हणालो, "पेपरवाले काहीही छापतात." तो "हो जी" म्हणाला आणि आत जाऊन लोटा भरून घेऊन आला.

पुढे लढती नाहीत. तळं, जाळं आणि ती हाक. काही वर्षांनी त्याच्या किडन्या गेल्या. कारणं अनेक असतात, असं डॉक्टर म्हणाले. मला ती सवलत नको आहे. शेवटी शेवटी दवाखान्यानं त्याचं पाणी मोजून दिलं, दिवसाला पेलाभर. मी भेटायला गेलो की तरीही तो भिंतीला धरत उठायचा, लोटा काठोकाठ भरून माझ्या हातात द्यायचा. "प्या सर. मी पाह्यतो." आणि खरंच पाहायचा, घोट माझ्या गळ्याखाली उतरेपर्यंत. मी अख्खा लोटा संपवायचो... न संपवण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बायकोकडे, कांताबाईकडे गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं. त्या मासे निवडत होत्या, हात थांबले नाहीत.

"मले काऊन सांगून राह्यले सर? मले माहीत आहे. त्याईलेही माहीत होतं. पेपरवाल्यानंच सांगतलं होतं, तुमच्या सरनं म्हटलं म्हणून."

"मग तो मला कधी बोलला का नाही?"

"तुम्ही येत होते ना जी. दुसरं कोण येत होतं?"

आतल्या खोलीत त्यांची मुलगी पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती.

"जिथी तवा सांगतलं, तिथीच सांगा," कांताबाई म्हणाल्या. "शाळेत तिले बेवड्याची पोरगी म्हणतात. तिले पेपर वाचता येतो आता."

म्हणून हे लिहिलं, त्याच पेपरात. सुखदेव दारू प्यायला नव्हता. त्याला पाणी मिळालं नव्हतं, आणि ते मी तोडलं होतं. ज्यांनी सभेत टाळ्या वाजवल्या त्यांनी हेही वाचावं. टाळ्या वाजवायच्या असतील तर आता वाजवाव्यात.

त्या दिवशी त्या घरात मला कुणी पाणी दिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पितळी लोटा माठावर पालथा ठेवलेला होता, घासून लख्ख, आत-बाहेर कोरडा. मी त्याच्याकडे पाहिलं आणि कांताबाईंनी मला पाहताना पाहिलं. त्या उठल्या नाहीत. हा अंक घेऊन मी त्या दारात पुन्हा जाणार आहे, मुलीच्या हातात देण्यासाठी. पाणी मागणार नाही.